सूचनावही आणि १८८५ चं एक पत्र



या सभागृहात शिरताना डाव्या हाताला एक टेबल आहे आणि त्यावर, दोऱ्याने बांधलेल्या पेनासकट, एक वही असते. श्रोत्यांनी व्याख्यानमालेविषयी काही सुचवावं म्हणून आम्ही ती ठेवतो. या हंगामाची वही परवा आम्ही पहिल्या पानापासून वाचून काढली. माईक मधूनच शिट्टी मारतो. मागच्या रांगेवरचे पंखे बंद असतात. सहाचं व्याख्यान सहालाच सुरू करा. सत्कार आटोपते घ्या. प्रश्नोत्तरांना वेळ वाढवून द्या. प्रत्येक सूचनेखाली आमच्यापैकी कोणी ना कोणी शेरा मारलेला आहे : 'मान्य', 'प्रयत्न करू', 'इलेक्ट्रिशियनला सांगितले'. एका पानावर मात्र, नाव न घालता, एकच ओळ लिहिलेली आहे. 'पाच वर्षांतल्या वक्त्यांची यादी एकदा आडनावांसकट मोठ्याने वाचून पाहा.' तिच्याखाली शेरा नाही.

आजचं व्याख्यान त्या कोऱ्या जागेविषयी आहे. चारचौघांची म्हणून एक जागा उभी राहते, सभा असो, परिषद असो की संमेलन. ती चांगली व्हावी म्हणून लोक सूचना करतात. त्या सूचनांचं पुढे काय होतं? कुठल्या सूचना चटकन मानल्या जातात आणि कुठल्या तशाच पडून राहतात? मराठीत याचं एक फार ठळक उदाहरण आहे. मराठी ग्रंथकारांची सभा, म्हणजे आज ज्याला आपण साहित्य संमेलन म्हणतो त्याचं मूळ, आणि त्या सभेला जोतीराव फुल्यांनी १८८५ साली पाठवलेलं पत्र.

सुरुवात थोडी मागून करू. सूचना करायची सवय मराठी माणसाला कुठे लागली? राजदरबारी अर्ज होते, गाऱ्हाणी होती. पण अनोळखी वाचकांसमोर जाहीरपणे सुचवणं ही गोष्ट छापखान्याबरोबर आली. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, १८४१ मध्ये भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' आलं. आणि १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या सहीने पत्रं येऊ लागली. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख, वय वर्षं पंचवीस. नाव 'शतपत्रे' पडलं, पण पत्रं भरली एकशेआठ. आळस सोडा, विद्या शिका, ग्रंथ वाचा, मुलींना शिकवा. विशेष म्हणजे सगळ्यात कडक शब्द त्यांनी स्वतःच्याच ब्राह्मण जातीसाठी राखून ठेवले होते. सूचना म्हणजे दुसऱ्याचे दोष काढणं, ही आपली एक सोयीची समजूत असते. लोकहितवादी तिला बळी पडले नाहीत.

याच काळातली आणखी एक सूचना. पेशवाईत श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रज सरकारनेही त्या खर्चाची परंपरा काही अंशी चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकी तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ तयार होण्यासाठी वापरावा. लोकहितवादी याच बाजूचे. सनातनी मंडळी खवळली. अर्जदारांच्या अंगावर लोक धावून जातील अशी वेळ आली, तेव्हा फुले आपली माणसं घेऊन या ब्राह्मण तरुणांच्या पाठीशी उभे राहिले. सूचना मान्य झाली. ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली.

आणि १८५५ मध्ये याच कमिटीकडे फुल्यांनी आपलं 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवलं. जोशीबुवा शेतकरी कुटुंबाला धर्माच्या नावाने कसं लुबाडतो, आणि शेवटी ते नवराबायको शिकायला कसे निघतात, असं ते नाटक. कमिटीला ते पसंत पडलं नाही. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी स्वतः पुढे 'गुलामगिरी'त, म्हणजे १८७३ मध्ये, लिहून ठेवलं आहे. हे नाटक छापून लोकांच्या हाती पडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. जो दरवाजा उघडावा म्हणून आपण राखण केली त्याच दारावरून परत फिरायचं, हा अनुभव गाठीशी असलेला माणूस पुढचं पत्र लिहितो आहे, हे लक्षात ठेवू.

आता १८७८. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांनी मराठी ग्रंथकारांना एकत्र येण्याचं आवाहन केलं आणि मे महिन्यात पुण्याच्या हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरली. अध्यक्ष रानडेच. हेतू साधा आणि निकडीचा होता. ग्रंथ लिहिणारा एकीकडे, छापणारा दुसरीकडे, घेणारा कुठे आहे याचा पत्ता नाही. लिहिणारे एकमेकांना भेटले, आपल्या अडचणी मांडल्या, तर ग्रंथांचा खप वाढेल, भाषा वाढेल. आज मांडवात पुस्तकांचे शेकडो गाळे बघतो ना आपण, त्याचं बी इथे आहे.

दुसरी सभा भरायला सात वर्षं गेली. मे १८८५, पुणे, अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे. या सभेसाठी रानड्यांनी ज्यांना निमंत्रण दिलं त्यांत फुलेही होते.

इथे आपण जरा थांबू. कारण पुढची गोष्ट सहसा फार झटपट सांगितली जाते : फुल्यांनी निमंत्रण फेटाळलं, सभेला खरमरीत पत्र लिहिलं, संपलं. त्यातून असं चित्र उभं राहतं की एका बाजूला कर्मठ मंडळी बसली होती आणि दुसऱ्या बाजूला एक संतापलेला माणूस. ते चित्र दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे.

निमंत्रण देणारे कोण? रानडे. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली, विरोधकांनी दंगा माजवला, तेव्हा रानडे आणि फुले दोघेही त्या मिरवणुकीत होते. ही दोन माणसं एकमेकांना चांगली ओळखत होती.

आणि निमंत्रण घेणारे कोण? सूचना करण्यात आयुष्य गेलेला माणूस. फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं : निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातूनही घ्या, नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे घ्या. हे बहिष्कार घालून घरी बसणाऱ्याचं काम नव्हे. ज्या सरकारवर त्यांचा सगळा विश्वास नव्हता त्याच्यापुढेही मुद्देसूद सूचना ठेवणारा हा माणूस होता.

मग ग्रंथकार सभेला ते का गेले नाहीत?

पत्र ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. सुरुवात रीतीला धरून आहे : आपलं पत्र आणि विनंतीपत्र पोचलं, वाचून मोठा आनंद झाला. आणि मग मुद्दा येतो. माणसाचे सर्वसाधारण हक्क सगळ्यांचे आहेत, असं ज्यांना वाटत नाही, जे ते हक्क राजीखुशीने आणि उघडपणे देत नाहीत, आणि पुढेही देतील असं त्यांच्या वागण्यावरून दिसत नाही, अशांनी काढलेल्या सभा आणि लिहिलेले ग्रंथ यांच्याशी आमच्या सभांचा आणि ग्रंथांचा मेळ बसत नाही. आमच्या लोकांना कुठल्या हालअपेष्टा सोसाव्या लागतात, हे उंटावरून शेळ्या वळणाऱ्या ग्रंथकारांना आणि मोठमोठ्या सभांतून भाषणं ठोकणाऱ्यांना कसं कळणार? तेव्हा त्यांच्यात मिसळून आमचा फायदा नाही, आमचा विचार आम्हीच केला पाहिजे.

इथवर नकार आहे. पण पत्र इथे संपत नाही, आणि आमच्या मते खरी गंमत पुढेच आहे. फुले म्हणतात, या पुढाऱ्यांना सगळ्यांची एकी खरंच करायची असेल, तर सर्व माणसांमध्ये टिकाऊ बंधुप्रीतीची वाढ कशाने होईल, त्याचं मूळ त्यांनी शोधून काढावं आणि ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध करावं. आणि आपलं हे छोटंसं पत्र अभिप्राय म्हणून त्या मंडळींपुढे विचारासाठी ठेवावं, अशी विनंती करतात.

म्हणजे बघा, हे पत्र सूचनापत्र आहे. सभा ग्रंथांचा खप कसा वाढेल ते विचारते आहे. उत्तर येतं, आधी कोणता ग्रंथ लिहायचा राहिला आहे ते पाहा.

मराठीत प्रथमपुरुषी बहुवचन दोन आहेत, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. 'आम्ही जेवायला बसतोय' म्हटलं की समोरचा उभाच राहतो. 'आपण जेवायला बसू' म्हटलं की त्याचंही पान मांडलं जातं. पुष्कळ भाषांत यासाठी एकच शब्द असतो, तिथे ही गफलत झाकली जाते. मराठीत ती झाकता येत नाही. १८७८ ची आणि १८८५ ची सभा 'आपण मराठी ग्रंथकार' असं म्हणत होती. फुल्यांनी पत्रात हट्टाने 'आम्ही' वापरला आहे. तुमच्या 'आपण'मध्ये आमचं पान मांडलेलं नाही, ते मांडलं जाईपर्यंत आम्ही 'आम्ही'च म्हणणार. त्या पत्राचं आम्हाला समजलेलं सार हे असं आहे. आणि ही तक्रार हवेतली नव्हती. पुण्यात पंक्ती खरोखरच वेगळ्या बसत होत्या.

या उदाहरणावरून आपल्याला सूचनांचे तीन थर वेगळे करता येतात.

पहिला थर व्यवस्थेचा. सभा कुठे भरवावी, कधी, खर्च कोणी करायचा. या सूचना सगळ्यांना आवडतात. ग्रंथकार सभेच्या बाबतीतही त्या भराभर मानल्या गेल्या. १९०५ मध्ये सभा पुण्याबाहेर पडली, साताऱ्याला भरली. १९०९ मध्ये ती बडोद्यापर्यंत पोचली.

दुसरा थर नियमांचा. कायमची संस्था हवी, ही त्यातली मोठी सूचना. तिच्यातून १९०६ मध्ये पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद जन्मली. नंतर विदर्भात विदर्भ साहित्य संघ, मुंबईला मुंबई मराठी साहित्य संघ, मराठवाड्यात मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली, आणि या चौघींना एकत्र बांधणारं अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झालं. महामंडळाचं कार्यालय एकाच शहरात राहू नये, आळीपाळीने फिरावं, हा नियमही अशाच तक्रारींतून आला. नियमांच्या सूचनांना वेळ लागतो. संमेलनाध्यक्षाची निवडणूक नको, हे किती वर्षं चाललं होतं! साऱ्या मराठी मुलखातून मतदार हजारभराच्या आसपास, आणि त्यांच्या मतांसाठी ज्येष्ठ लेखकांनी दारोदार फिरायचं. अखेर २०१८ मध्ये घटना बदलली आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवडणुकीशिवाय निवड झाली. दोन्ही बाजूंना अजून बोलायला जागा आहे. निवडणूक गेली म्हणजे निवड कोण करतं हा प्रश्न मिटला, असं नाही.

तिसरा थर 'आपण' कोण याचा. फुल्यांचं पत्र या थरातलं आहे. इथे सूचना ऐकणाऱ्याला ती सूचना वाटतच नाही, अपमान वाटतो. आम्ही एवढ्या मानाने बोलावलं आणि हे असं बोलतात! मग पत्रातला मजकूर बाजूला पडतो आणि पत्राच्या भाषेवर चर्चा होते.

तिसऱ्या थरातल्या सूचनेला किती वेळ लागतो? संमेलनाच्या अध्यक्षपदावर पहिली स्त्री आली १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. हिराबागेतल्या सभेपासून मोजलं तर त्र्याऐंशी वर्षं. बायका लिहीत नव्हत्या का? ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापलेलं होतं. त्या पुस्तकावर टीका झाली, तेव्हा १८८५ मध्येच, आपल्या 'सत्सार'मधून, ताराबाईंची बाजू घेऊन लिहिणारे फुलेच होते. दलित लेखक अध्यक्ष झाले १९८४ मध्ये, जळगावला, शंकरराव खरात. एकशेसहा वर्षं. आणि 'फकिरा' लिहिणाऱ्या अण्णाभाऊ साठ्यांच्या वाट्याला ते पद कधीच आलं नाही.

पण या अण्णाभाऊंनी एका दुसऱ्या संमेलनाचं उद्घाटन केलं होतं. २ मार्च १९५८, मुंबई, पहिलं दलित साहित्य संमेलन. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन सव्वा वर्ष झालं होतं. त्या संमेलनात एक ठराव झाला, की दलितांनी लिहिलेल्या आणि दलितांविषयी लिहिलेल्या मराठी साहित्याचा 'दलित साहित्य' म्हणून स्वतंत्र विचार व्हावा आणि विद्यापीठांनी, साहित्यसंस्थांनी त्याला योग्य ते स्थान द्यावं. ठरावाची भाषा नेमस्त आहे, अर्जासारखी. पुढे गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' १९६७ पासून याच वाटेवर चाललं. ग्रामीण साहित्याची संमेलनं भरू लागली, १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन भरलं. दरवेळी 'फूट पाडताय' असा सूर निघाला. आम्हाला वाटतं, वेगळा मांडव घालणं हीसुद्धा मूळ मांडवाला केलेली सूचनाच असते. वहीत लिहून उत्तर मिळालं नाही, म्हणून ती लाकूड आणि कापडाने लिहिलेली असते इतकंच.

यात एक धोका आहे, तोही सांगायला हवा. वेगळा मांडव घातला म्हणजे त्यात सगळ्यांची पानं आपोआप मांडली जातात, असं होत नाही. 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचं स्वतःचं पत्र. पण 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणं छापल्यावर पुढची छापायला तिथेही संपादक तयार झाले नाहीत, आणि फुले त्यांच्यावरही रागावले. आपल्या माणसांना केलेली सूचना आपली माणसंही टाळतात. लोकहितवादींचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ऐन तारुण्यात शंभरावर पत्रं लिहून समाजाला सुनावणारा माणूस तीस वर्षांनी निमंत्रक होतो, आणि त्याने सुरू केलेल्या सभेलाच दुसऱ्या कोणाचं तरी पत्र येतं. यात लोकहितवादींचा कमीपणा नाही. यजमानाच्या जागेवर बसलं की पंगतीचं शेवटचं टोक दिसत नाही, ही त्या जागेची अडचण आहे. ते टोक दिसतं तिथे उभं असलेल्याला, म्हणून त्याने लिहिलेलं वाचावं लागतं.

आणखी एक छोटी गोष्ट, पण इतिहासाच्या दृष्टीने मोठी. हे पत्र आज आपल्या हातात का आहे? ते 'ज्ञानोदय'ने छापलं म्हणून. 'ज्ञानोदय' म्हणजे १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं अमेरिकन मिशनचं पत्र. त्यांचे हेतू वेगळे होते, फुल्यांशी त्यांचं सगळं पटत होतं असंही नाही. पण मराठी ग्रंथकारांच्या सभेला आलेला सगळ्यात महत्त्वाचा अभिप्राय एका मिशनरी पत्राच्या पानांवर टिकला. सूचना मान्य करणं, न करणं पुढची गोष्ट झाली. ती जशीच्या तशी नोंदवून ठेवणं, हे कुठल्याही सभेला आजच करता येण्यासारखं आहे. त्या पत्राला खरी उत्तरं पुढच्या पिढ्यांनी दिली, आणि छापील शब्द शिल्लक होता म्हणूनच त्यांना ती देता आली.

रानडे, लोकहितवादी, फुले, तिघांपैकी कोणीही १९०५ चं साताऱ्याचं संमेलन पाहिलं नाही. फुले १८९० मध्ये गेले, लोकहितवादी १८९२ मध्ये, रानडे १९०१ मध्ये. तिघांनाही एकच गोष्ट हवी होती, मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची एकी. दोघांनी तिच्यासाठी सभा भरवली आणि तिसऱ्याने ती कशाने अडली आहे ते लिहून कळवलं. आमच्या हिशेबी दोन्ही कामं सारख्याच तोलाची आहेत.

आता आमच्या वहीकडे येऊ. ती ओळ वाचल्यावर आम्ही कार्यालयात बसून खरोखरच पाच वर्षांची यादी आडनावांसकट मोठ्याने वाचली. अर्ध्यावर वाचणाऱ्याचा आवाज बारीक झाला. विषय पुष्कळ निरनिराळे होते. शेती होती, गिरण्या होत्या, लोककला होत्या, आजच्यासारखं फुल्यांवरचं व्याख्यान तर दर दुसऱ्या वर्षी होतं. बोलणारी घरं मात्र फार थोडी होती. आजचा वक्ताही त्याच यादीतला.

त्या ओळीखाली आता शेरा लिहिला आहे. 'वाचली. बरोबर आहे.' आणि पुढच्या हंगामाचे वक्ते ठरवण्याआधी कच्ची यादी त्याच टेबलावर, वहीच्या शेजारी, महिनाभर ठेवायची असं ठरवलं आहे. ज्यांनी ती ओळ लिहिली ते आज इथे बसले असतील, किंवा घरी बसून हे वाचत असतील, तर त्यांनी यादीवर पेन चालवावं. खोडावं, नावं घालावीत. नकार द्यायचा असेल तर तोही सविस्तर लिहावा, आम्ही तो जसाच्या तसा या मालेत छापू.

माईकची शिट्टीही दुरुस्त करून घेतली आहे. आज ऐकू आली नसावी, असा अंदाज आहे. आता प्रश्न घेऊ.